आरशातली शेवटची ओळ

गेल्या वर्षीपर्यंत श्यामसुंदर परचुरे सकाळी दुकान उघडलं की आधी काउंटर पुसत नसत, गणपतीच्या तसबिरीला उदबत्तीही लावत नसत. थेट मागच्या तपासणीच्या खोलीत जात, पेशंटच्या खुर्चीत बसत, तळहाताने डावा डोळा झाकत आणि समोरच्या आरशात दिसणाऱ्या अक्षरांच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ मोठ्याने वाचत. ‘न, ळ, क, प, ग, म.’ मग उजवा डोळा झाकून पुन्हा तेच. दोन्ही वेळा ओळ बिनचूक आली की फडकं हातात घेत. सत्तरी ओलांडल्यावर ही ओळ वाचता येणं सोपं नाही, हे ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याला अधूनमधून ऐकवतही.

कर्वेनगरातलं त्यांचं दुकान अरुंद आहे. नजर तपासायला वीस फूट अंतर लागतं आणि मागची खोली आहे जेमतेम दहा फुटांची. म्हणून तक्ता पेशंटच्या डोक्यामागे वर टांगलेला आणि समोरच्या भिंतीवर आरसा. अंतर दुप्पट होतं. तक्त्यावरची अक्षरं उलटी रंगवलेली आहेत, म्हणजे आरशात ती सुलटी दिसतात. पुण्यातल्या बहुतेक जुन्या चष्म्याच्या दुकानांत एके काळी हीच सोय होती. आता स्क्रीन आले आहेत. बटण दाबलं की अक्षरं बदलतात. असा स्क्रीन विकायला आलेल्या माणसाला परचुऱ्यांनी दारातूनच विचारलं होतं, “अक्षरं नाचवायला मी काय सर्कस काढली आहे?”

परचुरे डोळ्यांचे डॉक्टर नाहीत आणि नुसते चष्मेविकेही नाहीत. ते ऑप्टोमेट्रिस्ट आहेत. नजर तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं आणि डोळ्यात काही दुखणं दिसलं तर वेळेवर डॉक्टरांकडे पाठवणं हे त्यांचं काम. त्यांनी पदविका घेतली तेव्हा हा शब्द पुण्यात फारसा कुणी ऐकला नव्हता. लग्न ठरवायला गेले तेव्हा हेमाताईंच्या वडिलांनी सरळ विचारलं, “म्हणजे डॉक्टर की दुकानदार?”

“दोन्ही नाही,” परचुरे म्हणाले.

“बाबांना वाटलं, बेकार आहे,” हेमाताई आजही सांगतात. “मी म्हटलं, असू दे. खोटं तरी बोलत नाही.”

दोन्ही नाही, तर मग कोण, याचं उत्तर परचुऱ्यांना असोसिएशनने दिलं. देशभरातल्या ऑप्टोमेट्रिस्टांच्या राष्ट्रीय असोसिएशनची पुणे शाखा तेव्हा नुकतीच निघाली होती. कचेरी नव्हती. सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा वर्ग रविवारी सकाळी मिळायचा. मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि भांडायची. नावामागे ‘डॉ.’ लावायचं की नाही, यावर एक अख्खा पावसाळा गेला. लावायचं नाही असं ठरलं आणि दोन सभासद रागावून निघून गेले. पेशंटसमोर दुसऱ्याच्या नंबराला नावं ठेवायची नाहीत, शंका असेल तर त्याला फोन करायचा, हा नियम मात्र पहिल्याच बैठकीत एकमताने झाला. फोन कुणाकडेच नव्हता, म्हणून कुणी विरोध केला नाही, असं परचुरे म्हणतात.

सगळ्यात मोठं भांडण तक्त्याचं. तोवर जो तो आपापल्या पेंटरकडून तक्ता करून घ्यायचा. एकाच्या तक्त्यात ध आणि घ शेजारी, दुसऱ्याच्यात ओळभर र आणि ट. एकाच पेशंटचा नंबर लक्ष्मी रोडवर वेगळा आणि डेक्कनला वेगळा निघायचा. असोसिएशनने सगळ्या देशासाठी देवनागरी तक्ता ठरवायला घेतला आणि दिल्लीहून मसुदा आला. त्यात ळ नव्हता. हिंदीत ते अक्षर लागत नाही, असं दिल्लीचं म्हणणं. पुणे शाखेने उलट कळवलं की, इथल्या पेशंटला डोळा, फळा आणि शाळा रोज लागते. दोन वर्षं पत्रं जात-येत राहिली. शेवटी दिल्लीने कंटाळून पुण्याला स्वतःचा तक्ता करायची मुभा दिली. अक्षरं निवडायची समिती नेमली गेली आणि काम परचुऱ्यांच्या गळ्यात पडलं. ओळखायला सारखीच सोपी आणि सारखीच अवघड अशी अक्षरं शोधत त्यांनी कित्येक रविवार घालवले. खालच्या ओळीत दुसऱ्या जागी ळ त्यांनी मुद्दाम बसवला.

तक्ते रंगवले रंगराव पेंटरने. एरवी तो दुकानांच्या पाट्या करायचा. उलटी अक्षरं काढताना तो आरशात बघत नसे. कसं जमतं विचारलं की म्हणायचा, “मी आरशाच्या आत बसून काढतो.” रंगराव जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याच्या हातचे तक्ते अजून चार-पाच दुकानांत टांगलेले आहेत. कर्वेनगरातला त्यांपैकीच एक.

परचुऱ्यांना त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त आठवतं ते जानेवारीतलं वार्षिक संमेलन. डोळे तपासणाऱ्याचे डोळे कोण तपासतं? कुणीच नाही. म्हणून पुणे शाखेने एक प्रथा पाडली. संमेलनाच्या सकाळी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या चष्म्याच्या रिकाम्या घरात टाकायच्या आणि ज्याची चिठ्ठी येईल त्याचे डोळे आपण तपासायचे. वर्गाच्या दोन टोकांना खुर्ची आणि तक्ता, मधे हशा. एकाच गल्लीतले प्रतिस्पर्धी हटकून एकमेकांच्या वाट्याला यायचे. “माझ्या दुकानाची पाटी दिसते का तेवढं सांगा, बाकी नंबर राहू दे,” असं कुणीतरी म्हणायचंच. मग उपमा, चहा आणि दुपारी एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान. व्याख्यानाला निम्मे लोक झोपायचे, पण कुणी उठून जायचं नाही.

त्या प्रथेतली एक गोष्ट परचुरे दर संमेलनात सांगत. पहिले अध्यक्ष वाळिंबे, वयाने सगळ्यांत मोठे, खुर्चीत बसले होते. तपासायची पाळी परचुऱ्यांची. वाळिंबे घडाघडा वाचत सुटले. परचुरे तेव्हा तिशीतले, अंगात खोड्या. वर्गाच्या खिडक्या लावलेल्या होत्या. त्यांनी हळूच तक्त्यामागच्या पेटीतला दिवा बंद केला, तक्ता अंधारात गेला. वाळिंबे वाचतच राहिले, “क, प, ग, म.” वर्गात असा हशा की शाळेचा शिपाई बघायला आला. वाळिंबेही हसले.

परचुरे गोष्ट इथेच थांबवत. पुढचं जुन्या सभासदांना माहीत होतं. त्या उन्हाळ्यात वाळिंब्यांनी नंबर काढणं बंद केलं आणि नुसत्या फ्रेमा विकू लागले. पुढच्या जानेवारीत परचुऱ्यांनीच ठराव मांडला की, सभासदाला पाठ असलेल्या तक्त्यावर त्याचे डोळे तपासू नयेत आणि अमुक ओळ ज्याला दिसणार नाही त्याने दुसऱ्याचा नंबर काढू नये. वाळिंब्यांनी त्याला अनुमोदन दिलं.

असोसिएशनची शिबिरंही असत. नव्वदीच्या दशकात वाघोलीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती. देवळाच्या ओट्यावर खुर्च्या मांडून तपासणी चालायची. एका शिबिरात मुक्ताबाई सातव नावाची बाई मुलीला घेऊन आली. मुलीचे डोळे तपासून झाले. तिचा नंबर बराच निघाला. परचुरे म्हणाले, “आता तुम्ही बसा.”

“मला नगं, सायेब,” मुक्ताबाई म्हणाली. “मला शाळा न्हाई. वाचाया येत न्हाई.”

“वाचायचं नाही,” परचुरे म्हणाले. “दाखवायचं.”

अशा लोकांसाठी त्यांच्याजवळ पुठ्ठ्याचे चौकोन असत. प्रत्येकावर तीन दात्यांची एकच आकृती, मोठीपासून अगदी बारीक होत गेलेली. पुठ्ठा पाठीमागे नेऊन फिरवायचा, पुढे धरायचा आणि दाते कुठल्या बाजूला आहेत ते समोरच्याने तीन बोटांनी दाखवायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वाघोलीत त्या आकृतीला बायका दाताळं म्हणू लागल्या, कारण शेतातला कचरा ओढायचं दाताळं तसंच दिसतं. मुक्ताबाईने बोटं दाखवली आणि शेवटी विचारलं, “पास का नापास?”

ती मुलगी, तेजस्विनी, पुढे बारावीनंतर परचुऱ्यांच्या दुकानात येऊन उभी राहिली. मला हेच शिकायचंय म्हणाली. एव्हाना पुण्यात या विषयाची पदवी मिळत होती. सुट्टीत ती त्यांच्याकडे काम शिकायची. “पेशंट काय वाचतो ते ऐकू नकोस नुसतं,” परचुरे सांगत. “त्याच्या हनुवटीकडे बघ. मधलं दिसत नसेल तर तो डोळ्याच्या कडेने बघतो. हनुवटी वळते. त्याचं त्यालाही कळत नाही.”

आज तेजस्विनी सातव यांचं कोथरूडला स्वतःचं क्लिनिक आहे आणि दोन वर्षांपासून त्या पुणे शाखेच्या सचिव आहेत. साथीच्या काळात संमेलन मोबाइलवर गेलं होतं. मोबाइलवर डोळे तपासता येत नाहीत, म्हणून चिठ्ठ्यांची प्रथा बंद पडली आणि साथ गेल्यावरही कुणी ती सुरू केली नाही. तेजस्विनीने गेल्या दिवाळीत सगळ्यांना कळवलं की, येत्या जानेवारीत खुर्च्या पुन्हा मांडल्या जातील आणि परचुरे सरांचा जुना ठराव लागू राहील. परचुऱ्यांना आनंद झाला. त्यांनी तो मजकूर हेमाताईंकडून दोनदा वाचून घेतला.

“तुम्हीच का नाही वाचत?” हेमाताईंनी विचारलं.

“मोबाइलवर उजेड फार असतो.”

हेमाताईंच्या काही गोष्टी लक्षात येत होत्या. परचुरे रोज सोडवायचे ते वर्तमानपत्रातलं शब्दकोडं त्यांनी बंद केलं होतं. “बाळबोध झालंय हल्ली,” असं कारण. बस थांब्यावर येऊन उभी राहीपर्यंत ते नंबर सांगत नसत. “तपासून घ्या एकदा,” असं त्या म्हणाल्या की उत्तर ठरलेलं असे, “रोज सकाळी तपासतो. खालची ओळ वाचतो, हेमा. खालची.”

दिवाळीनंतर चैताली नावाची एक शिक्षिका परचुऱ्यांकडून घेतलेला चष्मा घेऊन परत आली. जिना उतरताना पायरी तिरकी दिसते, अशी तिची तक्रार. “सवय होईल,” परचुरे म्हणाले. “चार दिवस घाला.” चार दिवसांनी ती कोथरूडला तेजस्विनीकडे गेली. तिरकस नंबराची काच ठरावीक कोनात बसवावी लागते. यंत्रावरच्या बारीक खुणा बघून तो कोन ठरतो. चैतालीच्या काचेत तो चुकला होता, थोडाथोडका नव्हे. तेजस्विनीने पेशंटसमोर अवाक्षर काढलं नाही. चैताली गेल्यावर, पहिल्या बैठकीतल्या नियमाप्रमाणे, परचुऱ्यांना फोन केला.

“काच बसवणाऱ्याची चूक असेल,” परचुरे म्हणाले.

“त्याने तुमच्या खुणेवरच बसवली आहे, सर.”

“मग तुझं यंत्र तपासून घे.”

तेजस्विनी म्हणाली, “सर, रविवारी दुपारी येऊ का दुकानात? संमेलनात सगळ्यांसमोर खुर्चीत बसण्याआधी.”

परचुऱ्यांना याचा अर्थ कळला नाही, असं म्हणता येणार नाही. नंबर काढता येणार की नाही, एवढाच प्रश्न होता. फ्रेमा विकण्यात त्यांना कधीच रस नव्हता. ते काम हेमाताई बघत. त्यांचं आयुष्य त्या दहा फुटांच्या खोलीत गेलं होतं. असोसिएशनला कुणाचं दुकान बंद करता येत नाही, कुणाचा हात धरता येत नाही. ती फार तर सभासदाचं प्रमाणपत्र नाकारू शकते, आणि काउंटरवरचं ते प्रमाणपत्र वाचायला कर्वेनगरात कुणी थांबत नाही. परचुऱ्यांनी येऊ नकोस म्हटलं असतं तर तेजस्विनी आली नसती.

“ये,” ते म्हणाले. “पण चहा घेऊन ये. रविवारी इथला टपरीवाला नसतो.”

रविवारी शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. हेमाताई काउंटरमागे बसल्या होत्या. परचुरे मागच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले आणि तेजस्विनी थर्मास ठेवते न ठेवते तोच डावा डोळा झाकून म्हणाले, “न, ळ, क, प, ग, म. झालं? पुढचा डोळा?”

“इथे नको, सर. बाहेर या.”

“का? तक्ता तुला पसंत नाही? दिल्लीकरांनी पाठवलं का तुला?”

“तक्ता छान आहे. मलाही पाठ आहे.”

ते बाहेर आले. शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत, मधलं दार उघडं ठेवलं की, आरशाशिवाय पुरेसं अंतर मिळतं. तेजस्विनीने त्यांना शटरजवळच्या स्टुलावर बसवलं, आतल्या भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि पिशवीतून पुठ्ठ्याचे चौकोन काढले. कोपरे झिजलेले होते.

परचुऱ्यांनी लांबूनही ओळखले. “हे वाघोलीचे. तुझ्याकडे कसे?”

“तुम्हीच दिले होते. मी क्लिनिक काढलं तेव्हा.”

“मला दाताळं दाखवतेस? मी अडाणी आहे का?”

“वाचायचं नाही, सर. दाखवायचं.”

हेमाताई हसल्या. परचुरे हसले नाहीत, पण त्यांनी डावा डोळा झाकला आणि उजव्या हाताची तीन बोटं उचलली.

मोठी आकृती. खाली. बरोबर. त्याहून लहान. डावीकडे. बरोबर. तेजस्विनी दर वेळी पुठ्ठा पाठीमागे नेऊन फिरवत होती, जसं तिला शिकवलं होतं तसंच, घाई न करता. तिसऱ्या आकृतीला परचुऱ्यांचा हात वर गेला, थांबला आणि उजवीकडे वळला. दाते वर होते. तिने पुठ्ठा पाठीमागे नेला. पुढचा पुठ्ठा. ते बराच वेळ बघत राहिले.

“ट्यूब लावली आहेस ना?” त्यांनी विचारलं.

“लावली आहे, सर.”

हेमाताईंनी वर बघितलं. ट्यूब लख्ख पेटलेली होती. परचुऱ्यांनीही वर बघितलं, मग हात खाली घेतला.

“हनुवटी वळली का?”

“हो.”

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे.”

“म्हणजे मधलं गेलंय.” हे त्यांनी पेशंटबद्दल सांगावं तसं सांगितलं. “कितव्या आकृतीपासून?”

“दुसऱ्या.”

“दुसरी बरोबर आली होती.”

“आली. पण हनुवटी वळवून.”

“बरं. आता दुसरा डोळा घे. अर्धवट सोडू नकोस.”

डावा डोळा बरा निघाला, पण ठरावात लिहिलेल्या ओळीइतका नाही. तपासणी संपल्यावर तेजस्विनीने पुठ्ठे पिशवीत भरले. चहा कुणीच ओतला नव्हता, तो हेमाताईंनी ओतला.

“त्या चैतालीबाईंचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?” परचुऱ्यांनी विचारलं.

“आहे.”

“दे. मी करतो फोन. काच माझ्याकडून चुकली आहे, बदलून देतो.” मग कप खाली ठेवून, “आणि आणखी कोणाकोणाची चुकली असेल? दिवाळीपासूनचे सगळे पेशंट बोलवावे लागतील. तू तपासशील?”

“तपासीन. गुरुवारी येत जाईन.”

“इथेच? या खोलीत?”

“स्क्रीन बसवू दिलात तर.”

“नाही बसवणार,” परचुरे म्हणाले. “तुला तक्ता पाठ असला म्हणून काय झालं? पेशंटला नाही ना?”

डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात तेच सांगितलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजला आहे, गेलेली नजर परत येणार नाही, डाव्यावर लक्ष ठेवायचं. परचुऱ्यांनी डॉक्टरांना दोन नेमके प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्यांना आधीच माहीत होती. रिक्षात हेमाताई एवढंच म्हणाल्या, “रोज सकाळी मोठ्याने वाचत होतात.”

“वाचत नव्हतो, हेमा. म्हणत होतो. शुभंकरोतीसारखं.”

आता दुकान तसंच सुरू आहे. नंबर काढायला कुणी आलं की परचुरे म्हणतात, “मी काढत नाही. गुरुवारी या, सातव मॅडम असतात.” जुनी गिऱ्हाइकं कुरकुरतात. एकाने, तुमचाच हात हवा म्हणून फारच आग्रह धरला, तेव्हा परचुरे म्हणाले, “हात आहे. डोळा नाही. हाताने नंबर निघत असता तर मी ज्योतिषी झालो असतो.” स्कूटर चालवायची त्यांनी बंद केली आहे. कोथरूडला जायचं तर बसने जातात आणि थांब्यावर शेजाऱ्याला नंबर विचारतात. सकाळी आल्यावर आता आधी काउंटर पुसतात.

जानेवारीत संमेलन झालं. शाळेचा वर्ग आता मिळत नाही. कर्वे रोडवरच्या एका संस्थेचा हॉल भाड्याने घेतला होता. बाक नव्हते, गाद्यांच्या खुर्च्या होत्या. तरुण सभासद बरेच. त्यांच्या बोलण्यात निम्मं इंग्रजी. खुर्च्या, तक्ते आणि तक्ता पाठ असलेल्यांसाठी दाताळ्याचे पुठ्ठे मांडले गेले, तरी पुढे होऊन बसायला कुणी तयार होईना. जो तो चहा घेत उभा. एक-दोघे दरवाजाकडे सरकू लागले. दुसऱ्याचे डोळे तपासण्यात दिवस घालवणाऱ्या माणसांना स्वतःचे तपासून घ्यायची भीती वाटत होती, आणि ती सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

परचुरे उठले. पहिल्या रांगेतून चालत जाऊन पहिल्या खुर्चीत बसले. चष्म्याच्या घरातून त्यांच्या नावाची चिठ्ठी ऋतिका नावाच्या एका नव्या मुलीला आली होती. ती गोंधळली. हे सर आता काम करत नाहीत, असं तिच्या कानावर आलं होतं.

“घाबरू नकोस,” परचुरे म्हणाले. “मी नापास होणार आहे, ते मला माहीत आहे. तू नीट तपास म्हणजे झालं. आणि माझ्या हनुवटीकडे बघ.”

मागून एक जुने सभासद ओरडले, “परचुरे, आधी ती दिव्याची गोष्ट होऊन जाऊ दे! या नव्या पोरांनी ऐकलेली नाही.”

हॉलमध्ये हसू पसरलं. तेजस्विनी हसली नाही. ती परचुऱ्यांकडे बघत होती.

“अर्धीच सांगत होतो इतकी वर्षं,” परचुरे म्हणाले. “दिवा गेल्यावर वाळिंबे हसले, एवढीच. पुढे त्यांनी नंबर काढणं सोडलं आणि माझ्या ठरावाला अनुमोदन दिलं, ते राहून जायचं.” मग ऋतिकाकडे वळून त्यांनी डावा डोळा झाकला. “हं. धर पुठ्ठा.”